आवड-बिवड ठीक आहे, भाडं कोण भरतंय?

मी मराठी फॉन्ट, म्हणजे कम्प्युटरवरची अक्षरं, बनवते. लोकांना हे कळलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "अगं फॉन्ट कोणी बनवतं का, ते कम्प्युटरमध्ये असतातच ना?" आणि दुसरी, "वा, म्हणजे आवडीचंच काम करतेस, लकी आहेस बाई." पहिलीचा मला राग येत नाही, खरंच कुठून माहीत असणार, मोबाइलवर मराठी टाइप करता आलं की झालं. दुसरीने मात्र हल्ली मी चिडते. कारण लकी म्हटलं की विषय संपतो, पुढे कोणी विचारतच नाही की बाई ते जमवलंस कसं, पैसे कुठून आले, मधली वर्षं कशी काढलीस.

आणि त्यात इन्स्टावर अठरा-वीस वर्षांची पोरं मेसेज करतात, ताई मला पण मनापासून आवडतं तेच करायचंय, घरचे ऐकत नाहीत, काय करू. यांना दोन ओळीत उत्तर देता येत नाही आणि प्रत्येकाला वेगळं लिहायला वेळ नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या घरात 'तुला काय आवडतं' हा प्रश्न माझ्या पिढीत आला. आजोबा मालवणकडून आले आणि लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली म्हणून लागले, बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर आत घेणार नाहीतर परत घरी. पुढे कायम झाले. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही म्हणतात, आमच्या चाळीत तर तो कुणी मागे घेतला नाही हे नक्की, लोक नुसते एकेक करून दुसरीकडे लागले. आजोबा भाजी विकायला बसले. मी कॉलेजात असताना एकदा त्यांना विचारलं होतं, आजोबा तुम्हाला मिलचं काम आवडायचं का हो. ते माझ्याकडे असे बघत राहिले की ही कुठल्या देशातून आली. म्हणाले, "आवड कसली गो? जवसर साचो चालता तवसर पगार."

बाबांचं वेगळं होतं. बाबा गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, होते. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल, वर्षश्राद्धाची कार्डं, असलं सगळं. समोर केस म्हणजे खणाखणांच्या पेट्या मांडलेल्या, एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे, डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक आणि उजवा हात न बघता बरोबर त्या खणात. देवनागरीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण लागतात, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, त्यामुळे माणूस त्या पेट्यांच्या मध्ये अडकल्यासारखा उभा असायचा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि बाबा ते उलटं वाक्य पेपर वाचावा तसं भराभर वाचायचे. मे महिन्याच्या सुट्टीत आई मला डबा द्यायला पाठवायची आणि मी तिथेच बसून राहायचे, ट्रेडलचा, म्हणजे छपाईच्या मशीनचा, आवाज, शाईचा वास, मालक म्हणायचे ही पोरगी इथेच नोकरीला लागणार.

बाबांना ते काम आवडायचं. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, त्या पिढीला तसं बोलायची पद्धतच नव्हती. पण रविवारी पेपर वाचताना बातमी राहायची बाजूला आणि मला हाक मारून दाखवायचे, "हे बघ, दोन शब्दांत जागा किती सोडलीय, दात पडल्यासारखी." मला तेव्हा काही कळायचं नाही, मी हो हो करायचे. आता दिवसभर मी तेच बघते.

मग नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे कम्प्युटरवर मजकूर जुळवणं, आलं. एका माणसाचं दोन दिवसांचं काम कम्प्युटरवर दुपारपर्यंत व्हायला लागलं, मालकाने थोडी वर्षं रेटलं आणि शेवटी खिळे भंगारात काढले. किलोवर, शिशाच्या भावाने. बाबा तेव्हा चाळिशीत होते. दादरला क्लास लावला, कीबोर्ड शिकले, मराठीचा कीबोर्ड म्हणजे तेव्हा प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळाच तमाशा, एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसरीकडे उघडलं की नुसता कचरा दिसायचा. तरी शिकले आणि रिटायर होईपर्यंत एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात ऑपरेटर म्हणून काम केलं. घर चाललं, दादाचं आणि माझं शिक्षण झालं, कशाला कमी पडू दिलं नाही. फक्त रविवारी पेपरात जागा-बिगा दाखवणं बंद झालं.

हे मी एवढं पाल्हाळ लावून का सांगतेय तर 'आवडीचं काम निवड, बाकी आपोआप होतं' हे जे वाक्य सगळीकडे फिरत असतं ना ते माझ्या घशाखाली उतरत नाही. माझ्या डोळ्यासमोर आवडीचंच काम करणारा माणूस होता, हुशार, मेहनती, हातात कसब असलेला, आणि त्याचं काम किलोवर विकलं गेलं. तुम्हाला काम आवडतं याच्याशी ते काम टिकण्याचा काही संबंध नसतो. हे कुठल्याही करिअर गायडन्सच्या लेक्चरला सांगत नाहीत.

तर माझं. मला अक्षरं काढायला लहानपणापासून आवडायची, चाळीच्या फळ्यावर 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' हे सुद्धा मी खडूने वळणदार काढायचे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली. आता ही परीक्षा आपल्याकडे निम्मी पोरं दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून देतात आणि मार्क मिळाले की रंगपेटी माळ्यावर. माझीही गेली. जेजे स्कूल ऑफ आर्ट आमच्या घरापासून बसने किती लांब, अर्धा तास. १८५७ साली सुरू झालेली संस्था, सीएसएमटीच्या बाजूला, आम्ही शंभर वेळा समोरून गेलो असू, पण आत आपल्यासारख्यांनी शिकायला जायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मी एकदा अर्धवट विषय काढून बघितला. बाबा शांतपणे म्हणाले, "अक्षरांपायी माझं काय झालं बघितलंस ना. बीकॉम कर."

मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. त्यांचं बरोबरच होतं त्यांच्या बाजूने.

बीकॉम केलं, अंधेरीला एका इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम डिपार्टमेंटला लागले. या असल्या पोस्टमध्ये पहिल्या नोकरीला शिव्या घालायची फॅशन आहे, क्युबिकल, बॉस, गुदमरणं वगैरे. मी नाही घालणार. चांगली माणसं होती, पगार वेळेवर, मेडिक्लेम होता, त्या पैशातून चाळीतल्या घराची दुरुस्ती झाली आणि माझ्या नावावर थोडी बचत झाली. त्या बचतीवर पुढचं सगळं उभं आहे. फक्त दुपारी क्लेमच्या फायली बघताना मी हॉस्पिटलांच्या लेटरहेडवरची अक्षरं बघत बसायचे, रोगाचं नाव वाचायच्या आधी.

शनिवार-रविवार दादरला कॅलिग्राफीचा क्लास सुरू केला. बोरू, कट निब, शाई, वर्तमानपत्राच्या रद्दीवर पानंच्या पानं. मुंबईत या बाबतीत नशीब चांगलं, इथे बघायला भरपूर आहे. कमल शेडगेंनी काढलेली नाटकांच्या जाहिरातींतली नावं आम्ही लहानपणी पेपरात बघितलेली, नाटक बघायला पैसे नसायचे पण नाव बघूनच कळायचं विनोदी आहे की रडवणारं. २०२० साली ते गेले तेव्हा बाबा जुनी कात्रणं काढून बसले होते. कॅलिग्राफर अच्युत पालवांची प्रात्यक्षिकं मी गर्दीत टाचा उंच करून बघितलीत, त्यांना २०२५ ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या क्लासच्या ग्रुपवर रात्रभर मेसेज पडत होते.

पण कॅलिग्राफी आवडणं आणि फॉन्ट बनवणं यात प्रचंड फरक आहे आणि खरं म्हणजे मला या पोस्टमध्ये हेच सांगायचंय.

कॅलिग्राफीत एक 'श्री' काढला, छान आला, फोटो काढला, टाकला, लाइक आले. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर असं हवं की ते कुठल्याही दुसऱ्या अक्षराशेजारी बसलं तरी चाललं पाहिजे, आणि ते कोण कोणाशेजारी बसवणार हे तुमच्या हातात नाही. देवनागरीच्या बऱ्यापैकी फॉन्टला काही शे आकार लागतात. नुसती पहिली वेलांटी घ्या. 'कि' मधली वेलांटी आणि 'स्थि' मधली वेलांटी एकच चालत नाही, कारण 'स्थि'मध्ये काना अर्ध्या स च्या आधी उभा आणि वरची कमान थ च्या दांड्यापर्यंत पोचली पाहिजे, म्हणजे तीच वेलांटी वेगवेगळ्या रुंदीची परत परत काढायची. मग रफार. मग रफार अधिक अनुस्वार. मग 'दर्या' वेगळा आणि डोंगरातल्या 'दऱ्या' वेगळ्या, ऱ्य मधला तो आडवा र मराठीला लागतोच, आणि बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या फॉन्टमध्ये नेमका तोच गंडलेला असतो. मग ल आणि श, मराठी वळणाचे वेगळे आणि हिंदी वळणाचे वेगळे, महाराष्ट्र सरकारने २००९ साली वर्णमालेचा जीआर काढून आपले कुठले ते ठरवून दिलेत. मग हे सगळं झालं की स्पेसिंग, प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंना किती जागा. आठवडेच्या आठवडे. स्क्रीनवर 'कमकम कवकव कपकप' असलं काहीतरी छापून त्याच्याकडे बघत बसायचं आणि एक आकडा कमी करायचा, परत बघायचं, परत वाढवायचा.

माझी एक मैत्रीण आहे, क्लासमध्ये माझ्या शेजारी बसायची. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, अजूनही आहे. आम्ही दोघींनी मिळून फॉन्ट करायचं ठरवलं आणि ती तिसऱ्या-चौथ्या रविवारी म्हणाली, मी वेडी होईन, मला हे नको. आणि सोडलं तिने. आता ती शाळांमध्ये हस्ताक्षराच्या कार्यशाळा घेते, पन्नास पोरं एकदम ओरडत असतात आणि ती मजेत असते, मला पाच मिनिटांत डोकं दुखेल तिथे. तिला अक्षरं माझ्याइतकीच आवडतात. फक्त तिला चालतो तो कंटाळा वेगळा आणि मला चालतो तो वेगळा.

म्हणून मला कोणी विचारलं की आवड कशी ओळखायची, तर मी सांगते की मजा कुठे येते ते बघूच नका, मजा सगळ्यातच येते पहिले चार दिवस. कॅमेरा घेतला की फोटोग्राफर, रील बनवलं की फिल्ममेकर, केक चांगला झाला की बेकरी टाकायची. त्या कामातला जो सगळ्यात रटाळ भाग आहे, जो बाहेरून कधीच दिसत नाही, तो तुम्हाला झेपतो का? झेपतो म्हणजे आनंदाने उड्या मारत नाही, पण दुसऱ्या दिवशी परत त्याच खुर्चीवर जाऊन बसता का. केकवाल्याला सकाळी लवकर उठून भांडी आणि ऑर्डरींचा हिशोब करायचा असतो. वकिलीची हौस असलेल्याला आयुष्यभर तारखा मागत फिरायचंय. त्या भागाची माहिती काढा आधी, ते काम करणाऱ्या माणसाला विचारा की दादा तुमचा मंगळवार कसा जातो. गाजलेल्या दिवसाबद्दल तो आपणहून सांगेलच.

आता पैशाचं बोलते, जे कोणी बोलत नाही.

मी फॉन्टफोर्जवर शिकले, ते सॉफ्टवेअर फुकट आहे. नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर. या धंद्यात बरेच लोक ग्लिफ्स वापरतात पण ते फक्त मॅकवर चालतं आणि मॅक घ्यायची ऐपत नव्हती. ऑफिसमधून येऊन, जेवणं आटपून, रात्री. अशी काही वर्षं गेली. मग एका छोट्या स्टुडिओने ज्युनिअर म्हणून घ्यायची तयारी दाखवली, पगार माझ्या इन्शुरन्सच्या पगाराच्या निम्म्यापेक्षा कमी. आणि मी घेतली ती नोकरी. यालाच लोक धाडस म्हणतात. पण नवरा रेल्वेत आहे, पगार जमा होतो म्हणजे होतोच, राहायला रेल्वेचं क्वार्टर, म्हणजे मुंबईत राहून भाड्याची चिंता नाही, आणि मुलगा सासूबाईंजवळ. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तू कर गं, मी आहे ना." हे तिन्ही नसतं तर मी आजही क्लेम पास करत असते आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नसतं. धाडस कसलं, सोय होती.

आपल्याकडे आवडीमागे धावलेल्या लोकांच्या गोष्टी सांगताना हा हिशोब बरोबर गाळला जातो. दादासाहेब फाळक्यांचंच घ्या, ते पण मूळ जेजेचे आणि छपाईच्या धंद्यातलेच. छपाई सोडली, गिरगावात तंबूत परदेशी चित्रपट बघितला, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, १९१२ ला लंडनला जाऊन शिकून आले आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये पहिला चित्रपट लागला. हे सगळं शाळेत शिकवतात. पण तेव्हा ते चाळिशी उलटलेले, पदरात पोरं असलेले गृहस्थ होते, दागिने गहाण पडले ते बायकोचे, सरस्वतीबाईंचे, सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि वर कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम सुद्धा त्यांनी शिकून घेतलं. आणि एवढं करून शेवटची वर्षं हलाखीतच गेली. मला फाळक्यांबद्दल आदर आहेच. पण ती गोष्ट सांगून कोणी मला म्हणालं की बघ, झोकून द्यावं लागतं, तर मी विचारीन, घरात सरस्वतीबाई आहे का तुझ्या? आणि तिला विचारलंस का?

मला त्यापेक्षा जावजी दादाजींची गोष्ट जास्त कामाची वाटते. निर्णयसागर छापखान्याचे जावजी. गरीब घरातला मुलगा, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागला. घासायला म्हणजे ओतून आलेला खिळा घासून साफ करायला, याहून रटाळ काम छापखान्यात दुसरं नसेल. तिथून दुसरीकडे नोकऱ्या, इंदुप्रकाशच्या छापखान्यात होते, टाइप कसा ओततात, कसा बिघडतो, कोणाला कसा लागतो हे सगळं दुसऱ्याच्या पगारावर शिकले. १८६४ साली स्वतःची टाइप ओतायची फाउंड्री काढली आणि १८६९ साली छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांचे अक्षरं कोरणारे साथीदार, आणि त्या जोडीने देवनागरीचा असा टाइप केला की संस्कृतचे ग्रंथ छापायचे तर काळबादेवीच्या कोलभाट लेनमधल्या त्यांच्या छापखान्यातूनच. अजून जुन्या ग्रंथालयात निर्णयसागरची पुस्तकं मिळतात, हातात घेऊन बघा, शंभर वर्षांपूर्वीची जोडाक्षरं इतकी स्वच्छ की आमच्यासारख्यांना लाज वाटावी.

जावजींना कोणी लहानपणी बसवून विचारलं नसणार की बाळा तुझी आवड काय. पोटासाठी खिळे घासत होते. मला तर वाटतं घासता घासताच लागली आवड. आधी आवड शोधायची मग काम शोधायचं, हा उलटा प्रवास आहे आणि तो ज्यांच्या घरी दोन पगार आहेत त्यांना परवडतो. बाकीच्यांनी जे काम मिळालंय त्याच्यात हात घालून बघावा, त्यातलाच एखादा कोपरा आवडायला लागतो कधी कधी. कधी कधी नाही लागत, तेही आहे.

आणि पूर्ण झोकून न देता केलेली मोठी कामं पण असतात. र. कृ. जोशी घ्या. उल्कासारख्या जाहिरात संस्थेत नोकरी केली, मग पवईला आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात, शिकवलं, कविता पण करायचे. विंडोज २००० बरोबर जो मंगल फॉन्ट आला, ज्याच्यात आपल्यापैकी निम्म्या लोकांनी कम्प्युटरवर पहिलं मराठी वाचलं, तो त्यांचा. पगारी माणूस होता हो. पगार आणि आवड यांचं वैर असतं हे कोणी ठरवलं माहीत नाही.

आता या धंद्याचं खरं चित्र सांगते म्हणजे कोणी माझं वाचून नोकरी सोडायला नको. आपल्याकडे फॉन्ट विकत घ्यायची सवयच नाही. झिप फाइल व्हॉट्सअॅपवर फिरते, 'मराठी ५०० फॉन्ट फ्री' म्हणून. दुसरीकडे खरोखर फुकट आणि चांगले फॉन्ट पण आहेत, मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट स्टुडिओचे 'मुक्त' आणि 'बलू' गूगलवर कोणालाही घेता येतात, आणि ते उत्तम आहेत, मी स्वतः वापरते. म्हणजे फॉन्ट विकून पोट भरणं कठीणच, पोट भरतं ते कोणी खास स्वतःसाठी करून घेतलं तर, बँक, ब्रँड, अॅप. अशी कामं कमी आणि पेमेंट उशिरा. ऍडव्हान्स घेतल्याशिवाय पहिलं अक्षर पण काढायचं नाही, हा माझा नियम.

मधे एक गंमत झाली. २०२२ ला दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला, छोट्या दुकानांनाही मराठी पाटी लागू आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही. व्यापारी कोर्टात गेले, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं दोन महिन्यांत लावा. त्या दोन महिन्यांत माझा फोन जेवढा वाजला तेवढा कधी वाजला नव्हता. अर्ध्या लोकांना 'आमच्या इंग्रजी लोगोसारखं मराठी करून द्या, उद्या' हवं होतं, आणि बाकीच्यांनी फ्लेक्सवाल्याकडून जे आलं ते लावलं, आजही दादर ते परळ चालत गेलात तर शिरोरेषा तुटलेली, वेलांटी भलतीकडे, काना अधांतरी. पण माझं सांगणं वेगळं आहे. त्या वर्षी माझा जो धंदा झाला त्यात माझ्या आवडीचा काही हात नव्हता, कायद्याचा होता. जसं बाबांचं काम गेलं त्यात त्यांचा दोष नव्हता तसं माझं आलं त्यात माझं कौतुक नाही. हे लक्षात ठेवलं की डोकं जाग्यावर राहतं.

एआयबद्दल पण सगळे विचारतात, तुझं काम जाणार का. जाईल कदाचित, माझ्या घरात ते आधी एकदा झालंय त्यामुळे मला त्याचं आश्चर्य वाटणार नाही. आत्ताआत्तापर्यंत त्याला पोस्टरवर नीट जोडाक्षर काढता यायचं नाही, 'श्रद्धांजली'चं काहीतरी भयंकर करायचा. पण म्हणून मी निवांत बसलेय असं नाही, थोडं प्रोग्रामिंग शिकतेय, फॉन्टच्या आतलं, आणि बचत मोडत नाही. बाबांनी चाळिशीत कीबोर्ड शिकला, मी काय वेगळी आहे.

बाबा आता माझे प्रूफ बघतात. मोठं करून प्रिंट काढावं लागतं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. 'इथे जागा जास्त झालीय' एवढंच म्हणतात आणि नव्वद टक्के वेळा बरोबर असतात, फुकटचा सीनियर डिझायनर मिळालाय मला.

तर मेसेज करणाऱ्या पोरांनो. मुंबईत आईबाबांचं घर असेल तर ती सगळ्यात मोठी स्कॉलरशिप आहे हे आधी मान्य करा, लातूर-सांगलीहून येऊन डोंबिवलीला चौघांत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचा हिशोब आणि तुमचा हिशोब एक नाही, त्यामुळे त्याने नोकरी धरली आणि तुम्ही नाही म्हणून तुम्ही जास्त शूर ठरत नाही. घरचे नाही म्हणतात तेव्हा ते काय बघून नाही म्हणतायत ते विचारा एकदा, बहुतेक वेळा त्यांच्या मागे पण एखादा भंगारात गेलेला धंदा असतो. जेजेला जायचं असेल तर २०२३ पासून ते अभिमत विद्यापीठ झालंय, तेव्हा प्रवेशाचं त्यांच्या वेबसाइटवरच बघा, मामाच्या मुलाने सांगितलेल्या जुन्या नियमांवर जाऊ नका. ग्रॅज्युएशन झालंय आणि अजून खुमखुमी आहे तर आयडीसीसाठी सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा आहे. ते नसेल जमत तर फॉन्टफोर्ज आजही फुकट आहे आणि रात्र पण.

आणि मला काम पाठवणार असाल तर एक विनंती. नुसता मोठ्ठा 'अ' काढून पाठवू नका, 'अ' सगळ्यांनाच चांगला येतो. मराठीचा एक अख्खा परिच्छेद तुमच्या अक्षरांत सेट करून पाठवा, बारा पॉइंटला, साधा पांढऱ्यावर काळा, मागे सूर्यास्त नको. त्यात 'ळ' असू दे, 'ऱ्य' असू दे, 'ट्ठ' आणि 'द्ध' असू दे, आणि दोन-तीन पहिल्या वेलांट्या. मी आधी त्याच बघणार आहे.